पैसे परत न मिळणारं तिकीट

‘पण मॅडम, पैसे परत का नाही मिळणार?’

कॉलेज रोडला एका बँकेच्या वर, पहिल्या मजल्यावर माझं विमानतिकिटांचं ऑफिस होतं. तिथे बावीस वर्षं मी हा प्रश्न ऐकला. रागावून विचारलेला ऐकला, रडवेल्या आवाजात ऐकला, आणि एकदा तर मांडवातून बँडच्या आवाजावर ओरडून विचारलेलाही ऐकला. यंदा मार्चमध्ये ऑफिस बंद केलं. कारण साधं आहे, गिऱ्हाईक जिना चढेनासं झालं. तिकीट फोनवर निघतं, विमाही फोनवरच निघतो. शेवटच्या पानावर एक चौकोन असतो आणि त्यात बरोबरची खूण आधीच केलेली असते. ती खूण म्हणजे मी. आपलं बावीस वर्षांचं काम एवढ्याशा चौकोनात मावतं हे कळल्यावर मी पाटी उतरवली आणि तिचा पत्रा भंगारवाल्याला दिला.

दिवाळी अंकासाठी करोनाच्या दिवसांबद्दल लिहा, असं संपादक म्हणाले. ते नाही लिहीत. त्या दिवसांत मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत फोनवर फक्त माफी मागत होते, आणि माफीत वाचण्यासारखं काही नसतं. त्यापेक्षा विम्याबद्दल लिहिते. विम्याबद्दल वाचायला कोणाला आवडत नाही हे मला माहीत आहे. ऐकायलाही आवडत नसे.

मी ऑफिस उघडलं तेव्हा तिकीट ही हातात घ्यायची वस्तू होती. लाल कार्बनचं छोटं पुस्तक यायचं, आम्ही ते रंगीत पाकिटात घालून द्यायचो आणि लोक ते घरी नेऊन देवापुढे ठेवायचे. परदेशी जाणारं माणूस एक आणि त्याचं तिकीट घ्यायला येणारी सात. जिन्यात चपलांचा ढीग पडायचा. चपला काढा असं मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं, पण पहिल्या माणसाने काढल्या की मागचे सगळे काढत. पासपोर्टवरचं नाव मी मोठ्याने वाचायचे आणि सातही जण मान हलवायचे. कोणी द्राक्षांची पेटी आणायचं, कोणी मुलीसाठी घेतलेल्या पेढ्यांतले दोन पेढे माझ्यासाठी कागदात बांधून आणायचं. भिंतीवर जगाचा नकाशा होता. त्यावर मुलगा कुठे राहतो ते आजीला दाखवायचं, हे तिकिटाच्या किमतीत धरलेलं असे. नकाशावर युरोपचा कागद बोटं लावून लावून मळला होता, अमेरिकेचे दोन्ही किनारे काळे पडले होते. बाकीचं जग स्वच्छ होतं.

तर, पैसे परत का मिळत नाहीत? विमानातली एकच खुर्ची कंपनी पाच-सहा भावांनी विकते. सगळ्यात स्वस्त भावाला अट असते की तुम्ही आलात तर बसा, नाही आलात तर पैसे आमचे. थोडेफार कर परत मिळतात, तेवढेच. समजावताना मी नाटकाच्या तिकिटाचं उदाहरण द्यायचे. नाटकाला गेला नाहीत तर नाटकवाले पैसे देतात का? नाही ना? एकदा एक निवृत्त अधिकारी म्हणाले, “आम्ही नाटकं पासावर बघतो.” त्यानंतर मी उदाहरण बदललं आणि मंगल कार्यालयाच्या अनामत रकमेचं द्यायला लागले. ते सगळ्यांना पटायचं, कारण ती सगळ्यांची बुडालेली असते.

या स्वस्त तिकिटावर उपाय म्हणजे प्रवासविमा. त्यात मुख्य भाग दोन. एक दवाखान्याचा: परदेशात आजारी पडलात तर खर्च कंपनी देते. दुसरा भाग आम्ही ऑफिसात ‘रद्दचा’ म्हणायचो: ठरलेल्या कारणांमुळे निघण्याआधी प्रवास रद्द करावा लागला, तर बुडालेल्या तिकिटाचे पैसे मिळतात. गोम ‘ठरलेल्या कारणांमुळे’ या दोन शब्दांत आहे. आजार, अपघात, मृत्यू असली कारणं चालतात. मन बदललं, रजा मिळाली नाही, व्हिसा आला नाही, ही सहसा चालत नाहीत.

अडचण अशी की ही यादी माणसाला प्रवासाच्या आनंदात सांगायची. वणीचं एक जोडपं मुलाकडे निघालं होतं. मी नुसतं “समजा, तुमच्यापैकी कोणी आजारी पडलं” एवढं म्हटलं, तर बाई उठून उभ्याच राहिल्या. “शुभ बोला हो ताई, मंगळवार आहे!” तेव्हापासून मी प्रत्येक वाक्याआधी ‘देव न करो’ लावायला लागले. दिवसातून वीस वेळा. देवाने माझं किती ऐकलं माहीत नाही, पण पॉलिस्या विकल्या जायला लागल्या.

त्याच जोडप्यातल्या काकांचा पुढे पाय मोडला आणि जाणं रद्द झालं. कारण अगदी नियमात बसणारं. पण दाखल्यावर ‘प्रवासास अयोग्य’ असे शब्द लागतात. तिथले डॉक्टर फार चांगला माणूस, घरोब्यातला. त्यांनी पेशंटला धीर यावा म्हणून लिहिलं, ‘प्रकृती उत्तम, काळजीचं कारण नाही.’ कंपनीने विचारलं, प्रकृती उत्तम आहे तर गेले का नाहीत? डॉक्टरांकडून दुसरा दाखला लिहून घ्यायला मी स्वतः वणीला गेले. ते म्हणाले, “पण ताई, असं लिहिलं तर काका खचतील.” मी म्हटलं, “काकांना दाखवूच नका.” पैसे मिळाले.

एका मुलाचं लग्न आठ दिवस आधी मोडलं, आणि हनिमूनची तिकिटं माझ्याकडची. वडील आले. म्हणाले, “मुलाला ताप आलाय असं लिहिता येईल?” मी म्हटलं, “ताप आला म्हणून लग्न मोडलं की लग्न मोडलं म्हणून ताप आला, एवढं आधी ठरवून या.” ते परत आले नाहीत. मुलगा मात्र ठरल्या दिवशी एकटाच जाऊन आला आणि माझ्यासाठी चॉकलेटचा डबा घेऊन आला.

अशा गोष्टी सांगत बसले तर मी फार हुशार होते असं वाटेल. म्हणून सुमनबाईंची गोष्ट सांगते.

सिन्नर तालुक्यातलं गाव, मोठी भावकी. सुमनबाईंचा नवरा गेला होता, घराचा कारभार त्यांच्या थोरल्या दिरांकडे. त्यांना सगळे नाना म्हणत, म्हणून मीही नानाच म्हणायचे. सुमनबाईंची एकुलती मुलगी अश्विनी डब्लिनला, जावई तिथे नोकरीला. अश्विनीला दिवस गेले होते. याआधी एकदा पाचव्या महिन्यात बाळ गेलं होतं, तेव्हा परक्या देशात ती दवाखान्यातून घरी आली ती रिकाम्या घरात. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं जाणं शक्य नव्हतं. या वेळी आई बाळंतपणाला जाणार असं ठरलं.

ऑफिसात पाच जण आले. बोलत होते एकटे नाना. सुमनबाई कडेच्या खुर्चीत डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या, हातात मुलीने फोनवरून सांगितलेल्या सूचनांची चिठ्ठी. त्या एकदाच बोलल्या. “डिंकाचे लाडू नेऊ देतात का?” मी म्हटलं, नेऊ देतात. त्यांनी चिठ्ठीत तसं लिहून घेतलं.

मी सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं. ना तारीख बदलता येणार, ना पैसे परत मिळणार. नानांनी तो प्रश्न विचारलाच. मे महिन्याच्या सुट्टीची गर्दी होती, मागे तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती. मी विम्याचा कागद पुढे केला आणि म्हटलं, “देव न करो, पण घरात कोणाचं काही झालं आणि जाणं रद्द झालं, तरी तिकिटाचे पैसे मिळतात. काळजी नको.”

“म्हंजी बुडत नाय?”

“नाही बुडत.”

“मंग काढा.”

त्या कागदाच्या मागे नात्यांची यादी होती. ती वाचून दाखवायला मला एक मिनिट लागलं असतं. मी नेहमी वाचायचे. त्या दिवशी नाही वाचली.

निघायला पाच दिवस राहिले असताना सुमनबाईंचे चुलत सासरे वारले. तात्या. नव्वदीचे होते, भावकीतले सगळ्यात वडील. मंगळवारी गेले, आणि सुमनबाईंचं विमान रविवारचं. म्हणजे सुतकाच्या ऐन मध्यात.

बुधवारी दुपारी मला सुमनबाईंचा फोन आला. त्यांनी स्वतः फोन करण्याची ती पहिलीच वेळ. तात्या गेल्याचं त्यांनी सांगितलं, मी दोन शब्द बोलले. मग त्यांनी विचारलं, “मॅडम, आता तिकीट रद्द केलं तर पैसे जातात ना?”

मी अगदी उत्साहाने म्हटलं, “नाही हो! तुमचा विमा आहे ना. अजिबात काळजी करू नका, एक पैसाही जाणार नाही.”

मग त्या म्हणाल्या, “बरं.”

फोन ठेवून मला चांगलं वाटलं होतं, हे इथे लिहून ठेवते. दुःखातल्या घराला तेवढीच मदत, असं काहीतरी मनात आलं होतं.

तिकीट रद्द केलं. कागद गोळा केले, मृत्यूचा दाखला आला. अर्जात ‘नातं’ असा रकाना असतो, तिथे मी ‘चुलत सासरे’ असं लिहिलं आणि लिहिता लिहिताच माझा हात थांबला. नवरा-बायको, मुलं, आई-वडील, भाऊ-बहीण. काही कंपन्या सख्खे सासू-सासरे धरतात. यादी तिथे संपते. तरी अर्ज पाठवला. उत्तर यायचं तेच आलं.

नाना आले ते एकटेच. टोपी काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

“चुलत म्हंजी काय, मॅडम?”

“चुलत म्हणजे कंपनीच्या यादीत नाही, नाना.”

“तात्यांनी आमची लग्नं लावली. माझा भाऊ गेला तवा पोरीला मांडीवर घिऊन तात्या बसले व्हते. त्यांचं सुतक साठ घरांनी धरलं. आन् तुमची कंपनी म्हणती, नात्यातच नाय?”

“कंपनी सगळ्यांसाठी एकच यादी करते. तिला भावकी कळत नाही.”

“तिला नाय कळत. तुम्हाला कळती ना? तुम्ही नाशिकच्याच हाय ना?”

मी हो म्हटलं.

“मंग यादी आधी का नाय दावली?”

त्या तिकिटाचं पुढे काय केलं ते माझं आणि नानांचं, ते इथे सांगण्यात अर्थ नाही. नानांनी टोपी घातली आणि जाताना जिन्यातून म्हणाले, “पोरगी बाळंत झाली. पोरगा हाय.”

मी तारीख विचारली. विमानाच्या रविवारनंतरच्या गुरुवारी पहाटे. दिवस भरायला दोन आठवडे होते, पण पोटात बाळाचे ठोके कमी झाले म्हणून घाईने ऑपरेशन करावं लागलं. सुमनबाई सोमवारी तिथे पोहोचल्या असत्या. त्याऐवजी त्या तेरावा उरकून, नवीन तिकिटावर, बाळ दहा दिवसांचं झाल्यावर गेल्या.

बाळ ठीक होतं, आई ठीक होती. सगळं ठीक आहे म्हटल्यावर मी विषय मिटवला. आमच्या धंद्यात पुढचं गिऱ्हाईक समोर बसलेलंच असतं.

साताठ महिन्यांनी सुमनबाई ऑफिसात आल्या. एकट्या. डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायचं होतं, सिन्नरहून बसने आल्या होत्या. मला वाटलं, काही कागद राहिला असेल. त्या म्हणाल्या, “काही काम नाही. बसते जरा.” आणि नाना बसले होते त्या मधल्या खुर्चीत बसल्या. फोनवर नातवाचे फोटो दाखवले. गोरापान, टकलू. मी कौतुक केलं.

मग सहज सांगावं तसं त्या म्हणाल्या, “मॅडम, त्या दिवशी फोन स्पीकरवर होता.”

मला आधी कळलंच नाही.

“नाना समोरच बसले होते. सगळी भावकी होती ओसरीवर. सकाळपासून तेच चालू होतं. सुतकातले हात बाळंतिणीला लावायचे का, हे एक. आणि तिकीट बुडवायचं का, हे दुसरं. नाना काही वाईट नाहीत. ते म्हणाले, तिकीट बुडत असंल तर जा बाई, डोक्यावरून पाणी घे अन् जा, तेवढ्यासाठी तात्या काय रागवायचे नाहीत. पण आधी विचारून घे. म्हणून मी विचारलं.”

त्यांनी नातवाचा फोटो बंद केला आणि फोन पिशवीत ठेवला.

“तुम्ही ‘जातात’ म्हणाल्या असत्या, तर मी गेले असते.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यामुळे मला जास्त लागलं.

“बॅग भरलेली होती माझी. लाडू डब्यात होते. ते मग तेराव्याला आलेल्या पाहुण्यांच्या पोरांनी खाल्ले.” त्या थोडं हसल्या. “जावई होते हो तिच्याजवळ. पण ठोके कमी झाले म्हणून सांगितल्यावर तिला पहिल्या वेळचं आठवलं असणार. ते ती जावयाला काय सांगणार?”

मी पाणी ओतलं. त्यांना आणि मलाही.

मी बावीस वर्षांत शेकडो पॉलिस्या विकल्या आणि प्रत्येक वेळी मानलं की ‘पैसे परत मिळतील’ ही चांगली बातमी आहे. सुमनबाईंच्या घरात मुलीजवळ जावंसं वाटतं हे कारण चालत नव्हतं, पहिल्या वेळचं आठवतं हे तर बोलताच येत नव्हतं. चालणारं कारण एकच होतं: तिकीट वाया जाईल. ते सगळ्या पुरुषांना कळत होतं. आणि बाईच्या हातातलं तेवढं एक कारण मी विम्याने काढून घेतलं होतं, वर हप्ता लावून.

त्यानंतर मी कामाची पद्धत बदलली. बाळंतपणाला निघालेली कोणी बाई आली की सोबतच्या पुरुषांना पासपोर्टच्या दोन झेरॉक्स आणायला खाली पाठवायचे. झेरॉक्स मला नको असायच्या, त्यांचा गठ्ठा पुढे रद्दीत गेला. दहा मिनिटं मिळायची. त्यात दोन गोष्टी विचारायच्या. पहिली, खरा आजार काय आहे? शुगर, बीपी, छातीत दुखतं का? सुनेसमोर किंवा मुलासमोर बायका ‘काही नाही’ म्हणतात. एकट्या असल्या की पर्समधून गोळ्या काढून दाखवतात. दुसरी गोष्ट, रद्दचा भाग हवा की नको? आणि तो असला तर काय होऊ शकतं, ते नीट सांगायचं, यादी वाचून.

बहुतेक जणी हवा म्हणायच्या, ते बरोबरच होतं. काही जणी जरा थांबायच्या. एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “नकोच. तिकीट अडकलेलंच बरं. आमच्याकडे सुटी गोष्ट टिकत नाही.”

हे सगळं योग्यच होतं असा माझा दावा नाही. नको म्हणणाऱ्यांतल्या एकीला निघायच्या आठवड्यात डेंग्यू झाला आणि तिकीट खरंच बुडालं. “चालतंय ताई,” म्हणाल्या. त्यांना चाललं, मला नाही चाललं. कंपनीच्या साहेबांना माझ्या झेरॉक्सबद्दल कळलं असतं तर त्यांनी एजन्सी काढून घेतली असती, आणि त्यांचंही चुकलं नसतं.

तीन वर्षांनी सुमनबाईंचा फोन आला. अश्विनीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. “मॅडम, दवाखान्याचा विमा ठेवा. मला शुगर निघालीये, तेही लिहा. पण ते रद्दचं नको.” आणि फोन ठेवता ठेवता, “नानांना काही सांगू नका.”

मी काढलं तसं तिकीट.

विमानाला तीन आठवडे असताना नाना आणि सुमनबाई दोघं जिना चढून आले. नाना खुशीत होते. त्यांच्या थोरल्या नातवाचं लग्न ठरलं होतं आणि मुलीकडच्यांनी तारीख अलीकडे घेतली होती. ती नेमकी सुमनबाईंच्या विमानानंतर चार दिवसांनी.

“मॅडम, आपलं जाणं पंधरा दिस फुडं ढकला. लगीन घरातलं हाय. कोठीच्या किल्ल्या हिच्याकडं असत्यात. ही नसली तर आचाऱ्याला तूप-साखर कोण काढून देणार?”

“ढकलता येत नाही, नाना. हे तिकीट बदलत नाही.”

“मंग रद्द करा आन् नवं काढा. विमा हाय ना?”

“दवाखान्याचा आहे. रद्दचा नाही.”

“का नाय?”

सुमनबाई टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत होत्या. महिना कुठला होता तेही त्यांना दिसत नसावं.

“या तिकिटावर तो मिळतच नाही,” मी म्हटलं. विम्याबद्दल गिऱ्हाइकाशी मी खोटं बोलले ते एवढंच.

“म्हंजी किती बुडत्याल?”

“सगळे.”

नानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. “लय इचित्र धंदा हाय तुमचा,” ते मला म्हणाले. मग सुमनबाईंकडे वळले. “आता जावंच लागंल तुला.”

सुमनबाईंनी मोठा सुस्कारा टाकला. “आता काय करायचं, नाना. घरातलं लगीन टाकून जायचं म्हणजे... पण तिकीटच असलं गळ्यात पडलंय.”

“तुझा काय दोष त्यात?”

“लोकं काय म्हणतील?”

“मी सांगतो ना लोकांना! तू कशाला मनाला लावून घेती?”

मी कॉम्प्युटरकडे तोंड फिरवलं आणि उगाच काहीतरी टाइप करू लागले. नाना त्यांची समजूत घालत घालत जिना उतरत होते. “वाईट वाटून घ्यायचं नाय. पैशाचं काम हाय, इलाज नाय त्याला. किल्ल्या मी ठेवतो माझ्याजवळ.” सुमनबाई त्यांच्या मागून तोंडाला पदर लावून उतरत होत्या. मला वरून फक्त त्यांचे खांदे दिसत होते, आणि ते हसण्याने गदगदत होते.